मंदाक्रांतेची नवी बैठक

मु. जांभळीची वाडी, सुप्याजवळ, ता. पारनेर
आश्विन शुद्ध सप्तमी, शके १८९२

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांशी राधाकृष्णाचा दंडवत, आणि यापुढचं पत्र मोठ्यानं न वाचण्याविषयी हात जोडून विनंती.

टर्रऽऽ! काल पहाटे अर्धवट झोपेत हा आवाज कानावर आला आणि मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. आवाज कालचा नव्हता. नऊ-दहा वर्षांपूर्वी आपल्या चि. सूर्यभानच्या लग्नाचा बस्ता बांधायला आपण सगळे नगरला गेलो होतो. माळीवाड्याच्या वेशीजवळ अक्का माझ्या मोटारीतून उतरायला उठली आणि मागच्या सीटमधून वर आलेल्या स्प्रिंगनं तिचं जांभळं लुगडं घट्ट धरून ठेवलं, त्या वेळचा तो आवाज. आपण तेव्हा पान खायला गेला होता म्हणून वाचलात. मी मात्र शेजारीच उभा होतो. भर बाजाराचा दिवस, समोर भाजीवाल्यांची रांग, आणि सगळ्या रांगेनं एकदम माना वळवल्या. माणसाच्या आयुष्यात पुष्कळ गोड आवाज येऊन जातात. शाळेची घंटा, आईचं जातं, माळावरचा पावशा. ते पुसट होत जातात आणि लुगडं फाटल्याचा आवाज मात्र जसाच्या तसा राहतो, हे कसं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. (उत्तर सापडलेलं नाही.)

आपली प्रकृती कशी आहे? गुडघ्याला एरंडाची पानं बांधायचं चालू असेलच. खोकल्यावर अडुळसा घेता की अक्काला दाखवण्यापुरता घेता? मागच्या पत्रात आपण लिहिलं होतं की डाव्या कानानं हल्ली कमी ऐकू येतं. त्यात काळजीचं काही नाही. अक्काची बसायची जागा आपल्या डाव्या हाताला ठेवावी म्हणजे दोघांनाही सुख होईल. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. चांगुणेचा नवरात्राचा उपास चालू आहे, माझा अर्धा चालू आहे. (भगर खातो, पण तिच्याबरोबर शेंगदाण्याची आमटी दोनदा घेतो.)

आता मुद्द्यावर येतो. त्या दिवशी आपण पान खाऊन परतल्यावर वेशीसमोर, पदर कमरेला खोचून आणि मागून आपलं उपरणं गुंडाळून, अक्का मला काय म्हणाली ते आपल्या उजव्या कानानं ऐकलं होतंच, तरी पुन्हा लिहितो, कारण मी ते रोज एकदा मनात म्हणतो. ‘राधू, ही सीट हाय तवर मी ह्या गाडीत बसायची न्हाई. आन् मुराळी म्हनून तू यस्टीनं आलास तर तुझ्यासंगं यायची न्हाई. सीट बदल, मग गाडी दारात आन.’ झालं. दर दिवाळीला लोकांचे भाऊ मुराळी होऊन बहिणींना माहेरी घेऊन येतात आणि मी इथं ओट्यावर बसून त्यांच्या गाड्या मोजतो. आई गेली तेव्हा अक्का आली, पण ती बैलगाडीतून, आणि मोटारीच्या छपरीपाशी आल्यावर तिनं मुद्दाम तोंड दुसरीकडे केलं. एवढ्या दुःखातही तिला तोंड फिरवायचं लक्षात राहिलं, म्हणून मला जरा धीर आला होता.

आपण विचाराल, मग सीट आजवर बदलली का नाही? दाजी, आपल्याला ठाऊक आहे, ही मोटार मला माझ्या वकीलसाहेबांनी दिली. त्यांच्याकडे मी उभं आयुष्य कारकुनी केली. त्यांनी वकिली सोडली तेव्हा निरोपाला धोतरजोडी मिळेल अशी चांगुणेची अटकळ होती, आणि मी घरी आलो तो मोटार घेऊन. (ती अजूनही धोतरजोडीच बरी होती असं म्हणते. मोटारीला ती ‘तुमची थोरली’ म्हणते.) युद्धाच्या आधीची गाडी, वर कापडी टप, चालणं सावकाश आणि डौलाचं, म्हणून मी तिचं नाव मंदाक्रांता ठेवलं. त्या वृत्तात कसं, आधी चार अक्षरं जड पावलांनी पडतात आणि मग पाच अक्षरं भुर्रकन निघून जातात. हिचंही तसंच, आधी चार धक्के आणि मग भुर्रकन. अशा गाडीची मूळची बैठक काढून दुसरी घालायची म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकातली कविता काढून तिथं पंचवार्षिक योजनेचा धडा घालण्यासारखं. माझा हात धजत नव्हता.

पण मागच्या महिन्यात आपलं कार्ड आलं की दसरा झाला की दोनच दिवसांनी सूर्यभान आपल्या दोघांना भिलाईला घेऊन जाणार, आणि आता तिकडेच राहायचं ठरलं आहे. ते कार्ड मी तीन वेळा वाचलं. भिलाई म्हणजे काही सुपं नव्हे. तिथं गेलेलं म्हातारं माणूस माहेरी कसं आणि कधी येणार? आणि अक्कानं माहेरी पुन्हा पाऊल न टाकता जावं, तेही एका स्प्रिंगेपायी? दाजी, मी त्याच क्षणी ठरवलं. दसऱ्याला लोक सोनं लुटायला शीव ओलांडतात; मी मंदाक्रांतेला नव्या बैठका घालून शीव ओलांडणार, नगरवरून, करंजीच्या घाटातून तिसगावला आपल्या दारात येणार, भोंगा वाजवणार आणि अक्काला एका रात्रीपुरतं का होईना माहेरी आणणार. यात बदल नाही.

इथं मला जरा मागं जाऊ द्या. (आपण पत्राची पानं मोजत असाल. अजून आहेत.) मी शाळेत जायला लागलो तेव्हा मला कडेवर घेऊन पोचवायला अक्का यायची. मुलींना शाळेत घेत नव्हते, म्हणून ती खिडकीखाली आमच्या शेळ्या चारत उभी राहायची. आत मास्तर कविता म्हणायचे, आम्ही पोरं मागून म्हणायचो, आणि घरी आल्यावर माझी चूक झाली की जात्यावरून अक्का ओरडायची, ‘राधू, तिसरी वळ खाल्लीस!’ तिला अक्षर एक येत नाही, पण त्या पुस्तकातली एकही ओळ ती आजवर चुकलेली नाही. शाळेत नाव माझं होतं, शिकत होती ती. आता भिलाईत खिडकीखाली तिला मराठी कविता कोण म्हणून दाखवणार, सांगा!

असो. नगरला एका डॉक्टरांची फियाट बाभळीला धडकून मोडीत निघाली होती. डॉक्टर सुखरूप, बाभूळ सुखरूप आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बैठकाही सुखरूप. मोरपंखी रंगाचं रेक्झिन, आत मऊ फोम, हात दाबला की खाली जातो आणि काढला की पुन्हा वर येतो. स्प्रिंगेचं नाव नाही. मी दुकानातच पंधरा-वीस वेळा उठून बसून पाहिलं. कांद्याच्या रिकाम्या ट्रकमधून त्या दोन्ही बैठका सुप्यापर्यंत आणल्या आणि पुढं बैलगाडीतून घरी. रस्त्यात आमच्या भिमाजी लोहारानं विचारलं, ‘भाऊसाहेब, कुनाची सोयरीक आली?’ मी म्हटलं, ‘मंदाक्रांतेला सासरकडनं बैठका आल्या.’ तो तसाच मागून चालत आला आणि तेव्हापासून गेलेला नाही.

घरी पोचलो तो दिवस सर्वपित्री अमावास्येचा. चांगुणा दारातच आडवी आली. म्हणाली, आज नवी वस्तू गाडीला लावायची न्हाई, उद्या घट बसल्यावर काय करायचं ते करा. मी ऐकलं. (पुढं जे झालं ते हे ऐकल्यामुळं झालं, हे मी तिला अजून बोललेलो नाही.) मागची बैठक अंगणात ताडपत्रीखाली ठेवली, पुढची जरा जास्तच नाजूक वाटली म्हणून माजघरात देव्हाऱ्यासमोर आणून टेकवली. आणि ‘कुठनं आणली’ असं तिनं विचारलं तेव्हा, डॉक्टर आणि बाभूळ हे सगळं सांगत बसण्यापेक्षा, अगदी कोरी आहे, अजून कुणी बसलेलंसुद्धा नाही, असं सांगून मोकळा झालो. मग अंधार पडायच्या आत जुन्या बैठका काढायला घेतल्या. त्यासाठी गाडीचं मागचं अंग उचलून धरायला हवं होतं. दगड लावला तर घसरत होता. घरात शोधता शोधता चौरंग दिसला, शिसवी, चार पायांवर ठाम. तो गाडीच्या आसाखाली असा बसला की जणू सुतारानं माप घेऊन केला होता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, मी पहाटेच बोल्ट आणायला सुप्याला गेलो. परत येतो तो माजघरात धूप, झेंडूची माळ, समई, आणि काय पाहतो! माझ्या मोरपंखी बैठकीवर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलेलं, त्यावर परडीत काळी माती, मातीत धान्य पेरलेलं, मधोमध पाण्यानं भरलेला घट आणि घटावर नारळ. देवी बसली होती. दाजी, डॉक्टरांची बैठक इतक्या सुंदर कामाला आजवर लागली नसेल, पण हातातले बोल्ट मी उंबऱ्यावरच ठेवले. मी फक्त ‘अगं’ एवढंच म्हणालो. बाकीचं ती म्हणाली. ‘चौरंग चौरंग म्हनून मी सगळं घर धुंडाळलं! चौरंग कुठं, तर तुमच्या थोरलीच्या बुडाखाली! देवीला बसाया जागा न्हाई आन् गाडीला चौरंग! मग म्हनलं, ही कोरी हाय, अजून कुनी बसलेलं न्हाई, हिच्यावरच बसवते.’ कोरी असल्याचं मीच सांगितलं होतं. आणि बसलेला घट दसऱ्यापर्यंत तसूभर हलवायचा नसतो हे आपल्याला मी सांगायला नको.

भिमाजीची मात्र हिंमत मोठी. हा माणूस जन्मभर बैलगाडीच्या चाकांना लोखंडी पट्टे तापवून चढवत आला, त्यामुळं कुठलीही गोष्ट आधी लाल करावी आणि मग ठोकावी, एवढा एकच मंत्र त्याला येतो. त्यानं माजघराच्या उंबऱ्यात उकिडवं बसून घटाकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, ‘सीट हलवायची न्हाई ना? नगा हलवू. गाडीच आत आनू. ही भित्त तेवढी काढावी लागंल.’ चांगुणा हातातली पळी घेऊन उठली तेव्हा तो अंगणात गेला आणि म्हणाला, की मग आधी मागची सीट बसवून घेऊ.

जुनी मागची बैठक उचलली तर खाली काय काय निघालं! शेंगदाण्याची टरफलं, वकीलसाहेबांचं चष्म्याचं घर, काळी जड बॅटरी (तिची वायर मी लगेच काढून बाजूला केली, लोखंडाचं काम चालणार, उगीच ठिणगी नको), आणि त्या स्प्रिंगेच्या टोकाला अडकून राहिलेली जांभळ्या लुगड्याची बोटभर चिंधी. काठाची जर अजून चमकत होती. मी ती काढली नाही. तिथंच राहू दिली. ती बैठक सध्या ओट्यावर भिंतीला लावून ठेवली आहे आणि गावातली वडीलधारी मंडळी संध्याकाळी तिच्यावर येऊन बसतात. स्प्रिंग उजव्या अंगाला आहे हे सगळ्यांना पाठ झालंय, म्हणून सगळे डावीकडं दाटीवाटीनं बसतात. उजवीकडं आमची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली असते. तिला स्प्रिंगेचं काही वाटत नाही.

आता नव्या बैठकीचं ऐका. फियाट रुंद, मंदाक्रांता अरुंद. बैठक चार बोटं जास्त भरली. मी म्हटलं, भिमाजी, सीट दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं कापू. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी नातू कापायला सांगितला. ‘सीट नवी हाय, तिला हात लावायचा न्हाई. गाडी जुनी हाय. ती ऐकंल.’ तो भाता आणायलाच निघाला होता, मी त्याला धोतराला धरून थांबवलं. दारातून बैठक आत जाईना, म्हणून असं ठरलं की टप पाडायचा आणि बैठक वरून खाली सोडायची. वरून सोडायची तर उचलायची कशानं? आमच्या विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोटेचं चाक आणि सोंदुराचा दोर अडगळीत पडले होते. चाक लिंबाच्या फांदीला टांगलं, सोंदुराचं एक टोक बैठकीला बांधलं, दुसऱ्याला आमचे हरण्या आणि पाखऱ्या हे म्हातारे बैल जुंपले, आणि गाडी लिंबाखाली ढकलून आणली. मला हे सगळं फार काव्यमय वाटत होतं.

भिमाजीनं बैल हाकले. बैठक जमिनीवरून उठली, गाडीच्या उंचीला आली. मी ओरडलो, थांबव! भिमाजीनं कासरा ओढला. पण दाजी, त्या बैलांनी उभी हयात मोट ओढली आहे. मोट अर्ध्यावर थांबवली तर पाणी पुन्हा विहिरीत जातं, हे त्यांना तुमच्या-माझ्याआधी कळतं. ते थांबले नाहीत. विहिरीवर जेवढं चालायचे तेवढंच, मोजून, मान खाली घालून चालत गेले. बैठक माझ्या डोक्यावरून, पाडलेल्या टपावरून, फांदीपर्यंत गेली आणि लिंबाच्या पाल्यात दिसेनाशी झाली. दोन कावळे बाहेर आले आणि आमच्याकडं बघून बोलायला लागले. आणि बैल तिथं पोचल्यावर उभे राहिले. आता मोट रिकामी होईल आणि मग कुणीतरी गाणं म्हणेल, की आपण उलट पावली मागं जायचं, असा त्यांचा हिशेब. गाण्याशिवाय ते मागं येत नाहीत. भिमाजीनं ढकलून पाहिलं, शिव्या देऊन पाहिलं. शिव्या त्यांना नवीन नव्हत्या.

मग मी पुढं झालो. म्हटलं, गाणंच हवं ना? पाठांतर कशासाठी केलं? उपरणं सावरून मी त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि शार्दूलविक्रीडितातला एक खणखणीत श्लोक म्हटला. हरण्या रवंथ करत राहिला. मी वसंततिलकेवर आलो. काही नाही. भुजंगप्रयातात पाखऱ्याचा एक कान हलला, पण भिमाजी म्हणतो ती माशी होती. वेशीपासून माणसं जमायला लागली. मी आर्येपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात चांगुणा भगरीचं पातेलं हातात घेऊनच बाहेर आली, माझ्याकडं एकदा, लिंबाकडं एकदा पाहिलं, आणि तिच्या वडिलांचं मोटेवरचं गाणं तिनं सोडलं:

चल रं माज्या राजा, माघारी माघारी
पानी गेलं पाटाला, सावली आली दारी…

दाजी, गेल्या चाळीस वर्षांत तिचं गाणं मी ऐकलं नव्हतं. आवाज अजून ताठ आहे. मी तो ऐकत राहिलो हीच चूक झाली, कारण बैलांनीही तो ऐकला होता. ते उलट पावली असे झपाझप निघाले की रिकामी मोट जशी विहिरीत पडते, तशी ती बैठक फांदीवरून सुटली आणि दाणकन गाडीत पडली. धुरळा बसल्यावर पाहतो, तर बैठक जागच्या जागी! बोल्ट नको, पट्टी नको. जास्तीची चार बोटं कुठं गेली मला ठाऊक नाही. गाडीच्या दोन्ही कुशी मात्र पंगतीतून उठलेल्या माणसासारख्या फुगल्या आहेत. उजवं दार उघडत नाही आणि डावं मिटत नाही. डावं सुतळीनं बांधलं आहे. भिमाजी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, ‘बगा, म्या म्हनलं हुतं. ऐकलं का न्हाई?’ मग त्यानं, मी आणि वेशीपासून आलेल्या चार जणांनी मिळून बैठक हलवून पाहिली. ती आता प्रलय आला तरी निघणार नाही. अक्काच्या जागेची अशी पक्की सोय झाली आहे.

उरली पुढची, म्हणजे माझी. तिच्यावर घट आहे आणि धान वीतभर वाढलं आहे. (पाणी रोज घालतात, ते फोम पितो. दसऱ्यापर्यंत बैठकीलाही अंकुर फुटतील असं भिमाजीचं मत आहे.) दसऱ्याला सकाळी घट उठला की तासाभरात ती बैठक गाडीत बसवायची असं ठरलंय, आणि नाहीच बसली तर चौरंग मोकळाच आहे. तो पुढं ठेवून मी बसून पाहिलं. जरा उंच होतं, डोकं टपाला लागतं, पण सुकाणू हातात येतं. परवा असा बसलेला असताना रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हातारीनं गाडीपुढं नारळ ठेवला आणि प्रसादासाठी थांबली. मी डगमगलो नाही. चौरंगावर बसून तिसगावला आलो तरी येईन. आपल्या दारात उतरल्यावर म्हणायला दोन ओळीही करून ठेवल्या आहेत:

नवी बैठकी ही जुन्या या रथाला,
तुला न्यायला बंधु दारात आला.

(‘बैठकी’तला दीर्घ वृत्तासाठी घेतला आहे. अक्काच्या लक्षात येईलच, तरी आपण आधी काही बोलू नये.)

तेव्हा दसऱ्याच्या दिवशी ऊन कलायच्या आत अक्काला नेसवून तयार ठेवावं. कुठलं लुगडं ते तिचं तिला ठरवू द्यावं, पण जांभळं नको. आपल्या गुडघ्याला आणि खोकल्याला आराम पडो. भेट तीन दिवसांवर आली आहे, म्हणून इथं हात आखडता घेतो.

आपला, हट्टाला पेटलेला मेहुणा,
राधाकृष्ण

ता. क. – परतीच्या वेळी करंजीच्या घाटाचा चढ लागेल. घाटाच्या पायथ्याशी एखादी बैलजोडी सांगून ठेवावी. मोटेवर काम केलेली नको.

ता. क. दुसरा – वरचा ता. क. रद्द समजावा. भिमाजीचा मेहुणा उद्या पहाटे पाथर्डीला चालला आहे, पत्र त्याच्या हाती देतो आहे, तेव्हा आता खरं लिहिलंच पाहिजे. गाडी सुरू होत नाही. मी मघाशी वर बॅटरी असं लिहून गेलो ते आपल्या ध्यानात आहे का? ती मागच्या सीटखाली आहे. वायर मी काढलेली आहे. आणि सीट आता निघत नाही. भिमाजी म्हणतो, खालून पत्रा तापवून भोक पाडू. पेट्रोलची टाकी तिथंच जवळ असल्यामुळं मी त्याला रोज काहीतरी दुसरं काम सांगतो. तर माझी खरी विनंती अशी, आणि ही अक्काला कळता कामा नये: दसऱ्याला आपण तिला एसटीनं सुप्याला घेऊन या. काहीही सांगा. म्हणा, राधूनं टायर जपायचं ठरवलंय. सुप्याच्या स्टँडसमोर गाडी उभी असेल, मी चौरंगावर असेन. पहाटेच हरण्या-पाखऱ्यांकडून ती वर ओढून नेऊन ठेवतो. स्टँडपासून आमच्या वाडीपर्यंत सगळा उतार आहे, दाजी, आणि उताराला बॅटरी लागत नाही. अक्काला नव्या बैठकीवर बसवायचं, भोंगा वाजवायचा (तो रबराचा आहे, वाजतो), आणि हातब्रेक सोडायचा. गाडी आपोआप आमच्या दारात येते. मी रिकामी आणून पाहिली आहे. थांबवायला लिंब आहे. तिनं मोटारीतून माहेरच्या दारात उतरावं, एवढंच. मग पुढं भिलाईला आगगाडीनं जा, नाहीतर विमानानं.

ता. क. तिसरा – चांगुणा देवळात गेली आहे आणि बाहेर कुणीतरी आलंय. कडी वाजवतंय. भिमाजी असेल म्हणून मी उठलो नाही. पण भिमाजी कडी वाजवत नाही, ठोकतो.

दाजी, अक्का आहे! एकटी! हातात पिशवी, पायांत वहाणा नाहीत, आणि खिडकीतून माझ्याकडं बघत म्हणतेय, ‘राधूऽ! दार आतनं लावून काय लिवतुयास? तुझ्या गाडीची वाट बघत बसले आस्ते तर तिकडं भिलाईची गाडी सुटली आस्ती. त्यास्नी मोहट्याला देवीला जाते म्हनून सांगून आलेय. त्ये पत्रात लिवू नगं.’ लिहिलं आहे, काळजी करू नये, ती खुशाल आहे. मी म्हटलं, अक्का, थांब, दार उघडतो. ती म्हणते, ‘उघड सावकाश. पाय भरून आल्यात. हितं वट्यावर तुझी नवी बैठक दिसतीया, तवर टेकते जरा.’

आणि आत्ता कोंबडी ओरडली. म्हणजे उजवीकडनं उठवलं तिला. दाजी, बाकीचं राहू द्या, अक्का बसायच्या आत मला ओट्यावर पोचलं पाहि